बाप होण्याचा सराव

यंदाच्या दिवाळी अंकातला विशेष विभाग बापाविषयी आहे. लेखकांना पत्रं पाठवताना आम्ही एकच अट घातली होती: आपल्या वडिलांविषयी लिहू नका, स्वतः बाप असण्याविषयी लिहा. मराठीत वडिलांच्या आठवणी भरपूर आहेत आणि त्यांतल्या काही फार मोलाच्याही आहेत. पण तान्ह्या मुलाला रात्री उचलून घेणाऱ्या, त्याच्या तापाने धास्तावणाऱ्या, त्याला भरवताना कंटाळणाऱ्या पुरुषाने त्या वयात काय अनुभवलं, हे आपल्याकडे क्वचितच लिहिलं गेलं. अट कठीण होती. तरी लेख आले, आणि चांगले आले. ही अट सुचली ती मायकल लॅम या मानसशास्त्रज्ञाच्या कामामुळे. मराठी वाचकाला ते फारसे परिचित नाहीत, म्हणून हे संपादकीय त्यांच्याविषयी.

लॅम यांचा जन्म १९५३ सालचा, लुसाकाचा. आज झांबियाची राजधानी असलेलं हे शहर तेव्हा ब्रिटिशांच्या उत्तर ऱ्होडेशियात होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ विद्यापीठाची पदवी घेऊन ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि तिथे मेरी एन्सवर्थ यांच्याकडे शिकले. तान्ह्या बाळाला माणसाचा लळा कसा लागतो, याचा अभ्यास त्या काळी एन्सवर्थ आणि जॉन बोल्बी या दोन नावांभोवती फिरत होता. युद्धानंतर बेघर झालेल्या मुलांसंबंधी बोल्बींनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला होता. बाळाला जिव्हाळ्याचं, सलग टिकणारं माणूस लागतं, ही त्यातली गोष्ट अनाथालयांचं आणि रुग्णालयांचं वागणं बदलणारी ठरली. पण ते माणूस म्हणजे आई, असंच धरून चाललं होतं. बापाने पैसा आणावा आणि आईचं मन सांभाळावं. बाळाशी त्याचा संबंध आईमार्फतच.

एन्सवर्थ यांच्या या तरुण विद्यार्थ्याने साधा प्रश्न विचारला. बाळाला लळा आईचाच लागतो हे आपण पाहिलं आहे, की बापाकडे पाहिलंच नाही? १९७५ साली, बाविशीही उलटली नव्हती तेव्हा, त्यांनी लिहिलेल्या निबंधात बापांना मुलाच्या वाढीतले विसरलेले वाटेकरी म्हटलं. पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. घेतली आणि मुलाच्या विकासातल्या बापाच्या भूमिकेवरचा एक ग्रंथ संपादित केला. पुढे २०१० पर्यंत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. दर आवृत्तीत नव्या संशोधनासह तो नव्याने बांधला गेला. एखाद्या विद्याशाखेचा पाया घालणारी पुस्तकं असतात, त्यांतलं हे एक.

लॅम यांनी घरोघरी जाऊन सात ते तेरा महिन्यांच्या बाळांचं निरीक्षण केलं. बाळं आईकडे झेपावत होती तशीच बापाकडेही. फरक दिसला तो वेगळाच. आया बाळाला उचलत त्या बहुधा न्हाऊमाखू घालायला, कपडे बदलायला. बाप उचलत ते खेळायला. यावरून एक सोपं समीकरण तयार झालं आणि लोकांना ते आवडलंही: आई सांभाळणारी, बाप खेळवणारा. इथेच थांबून लॅम यांना आयुष्यभर भाषणं देता आली असती.

ते थांबले नाहीत. स्वीडनने १९७४ साली पालकत्वाची रजा आई आणि बाप दोघांनाही खुली केली होती. लॅम यांनी गोथेनबर्गच्या संशोधकांसोबत तिथली कुटुंबं अभ्यासली, तर खेळकरपणाचा तो बापाचा खास ठसा तिथे दिसलाच नाही. बॅरी ह्युलेट यांनी मध्य आफ्रिकेतल्या जंगलातल्या आका लोकांचा अभ्यास केला. आका बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या बाळाच्या हाताच्या अंतरावर असतात आणि बाळाला हवेत उडवण्याचे खेळ जवळपास खेळतच नाहीत. बाळाला छातीशी धरून बसतात. जयपाल रूपनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली नवी दिल्लीतल्या घरांविषयी लिहिलं, त्यातही असले दांडगट खेळ क्वचितच आढळले. म्हणजे खेळवणारा बाप हा सगळ्या जगातला बाप नव्हताच. तो बराचसा अमेरिकी बाप होता. दिवसभर बाहेर असलेल्या माणसाला संध्याकाळच्या तासाभरात बाळाचं लक्ष वेधून घ्यायचं असतं. तो बाळाला उडवणारच.

यातून लॅम जिथे पोचले, ती गोष्ट मला त्यांच्या कामातली सर्वांत महत्त्वाची वाटते. बाळाला सांभाळण्याचं कसब कुणी पोटातून घेऊन येत नाही. ते करता करता येतं. आईही ते करूनच शिकते. फरक एवढाच की तिला पहिल्या दिवसापासून करावंच लागतं. बाळाचं भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं तिला वेगळं ऐकू येतं, कारण ती ते शेकडो वेळा ऐकते. ज्या बापाच्या हातात बाळ रडायला लागताच दुसऱ्याकडे सोपवलं जातं, त्याला ते कधीच कळणार नाही. मग तो मागे सरतो, आई आणखी तरबेज होते आणि दोघांमधलं अंतर वाढत जातं. पुढे याच अंतराला आपण निसर्ग म्हणतो.

१९८० च्या दशकात लॅम, जोसेफ प्लेक आणि सहकाऱ्यांनी बापाचा सहभाग तीन पदरांत मांडला. प्रत्यक्ष मुलाबरोबर काही करणं, मुलाला हवं तेव्हा जवळपास असणं, आणि जबाबदारी. तिसरा पदर सर्वांत अवघड, आणि तोच सगळ्यांत कमी बाप उचलतात. लसीची तारीख कोणाच्या डोक्यात असते? शाळेतून फोन आला की काम कोण सोडतं? थंडी सुरू होण्याआधी मागच्या वर्षीचा स्वेटर आखूड झाला असेल, हे कोणाला सुचतं? बाळाला फिरवून आणणारे बाप आपल्या शहरांत पुष्कळ दिसू लागले आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण फिरायला न्यायचं हे त्यांना बहुधा कोणीतरी सांगितलेलं असतं.

तिसरा पदर पूर्ण उचलणारे बाप आपल्याकडे झाले नाहीत असं नाही. रामजी सुभेदारांची गोष्ट मराठी माणसाला ठाऊक आहे. भीमाबाई गेल्या तेव्हा धाकटा भीमराव पाच-सहा वर्षांचा होता. पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब राहू लागलं. जागा एवढी अपुरी की मुलाला लवकर झोपवून सुभेदार स्वतः जागे राहत आणि पहाटे दोनला त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आडवे होत. मुलाला पुस्तक हवं असलं की लग्न झालेल्या लेकींकडून दागिना मागून आणत आणि तो गहाण टाकून पुस्तक घेत. ही गोष्ट आपण बाबासाहेबांच्या थोरवीसाठी सांगतो. ती सुभेदारांसाठीही सांगायला हवी. मुलाला काय लागणार, याचा विचार तो बाप मुलाच्या आधी करत होता.

लॅम यांच्या कारकिर्दीतला दुसरा अर्धा भाग वेगळा आहे. १९८७ पासून सतरा वर्षं ते अमेरिकेच्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत होते. अत्याचार सोसलेल्या मुलांशी पोलिसांनी आणि समाजसेवकांनी कसं बोलावं, याची एक पद्धत तिथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर घडवली. मुलाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. काय झालं ते त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्यायचं. आज अनेक देशांत ती वापरली जाते. बापाचं महत्त्व सांगणाऱ्या माणसानेच मुलांना घरात काय काय सोसावं लागतं हेही वर्षानुवर्षं ऐकलं, म्हणूनच त्यांनी बापाची आरती कधी केली नसावी.

आणि २०१० च्या जानेवारीत त्यांची कसोटी लागली. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी घालणाऱ्या तरतुदीचा खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघराज्यीय न्यायालयात चालला होता. तोवर लॅम केंब्रिजला प्राध्यापक झाले होते. मुलाला एक पुरुष आणि एक बाईच हवी, असं बंदीचे समर्थक म्हणत होते आणि बापाच्या अनुपस्थितीवरच्या संशोधनाचा आधार घेत होते. लॅम बंदीच्या विरोधात साक्षीला उभे राहिले. मुलाची वाढ ठरते ती पालकांशी असलेल्या नात्यावर, पालकांच्या आपसातल्या नात्यावर आणि घराला मिळणाऱ्या आधारावर. पालक पुरुष आहे की बाई यावर नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली.

काहींना ही साक्ष म्हणजे लॅम यांनी आपल्याच आयुष्यभराच्या कामावर फिरवलेलं पाणी वाटली. मला उलट वाटतं. बाप महत्त्वाचा आहे तो पुरुष म्हणून नाही, मुलावर जीव लावून त्याला सांभाळणारं एक माणूस म्हणून. हे मान्य केलं की बापाला अंगभूत मोठेपणाचा आसरा उरत नाही. त्याला काम करूनच बाप व्हावं लागतं. आणि एकट्या आईने वाढवलेल्या मुलाकडे कीव करत पाहण्याचंही काही कारण उरत नाही.

आपल्याकडचा पहिलाच अडथळा मात्र फार प्रेमाने घातलेला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंतिणीला विसावा मिळावा, आईच्या हातचं खायला मिळावं, यासाठीची ही चाल आहे आणि तिची गरज आजही आहे. पण त्यात बाप बारशाचा पाहुणा होतो. दोन-तीन महिन्यांनी बाळ घरी येतं तेव्हा आई पुरती तयार झालेली असते आणि तो अजून मान कशी धरायची तेच विचारत असतो. कायदाही त्याच्या मदतीला येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पहिल्या दोन मुलांसाठी १५ दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. रिक्षा चालवणाऱ्या किंवा गवंडीकाम करणाऱ्या बापाचा तर कुठल्या नियमात विचारही नाही.

ही रजा कायद्याने, पगारी आणि सर्वांना मिळावी, असं या अंकाचं स्पष्ट मत आहे. ती मिळेल तेव्हा मिळेल. तोवर ज्याच्या घरी यंदा पाळणा हलणार आहे, त्याने असेल नसेल ती रजा साठवून सासुरवाडीला मुक्कामालाच जावं. आणि तिथल्या आजीने त्याला चहा देऊन ओसरीवर बसवू नये. पायांवर बाळ घेऊन न्हाऊ कसं घालायचं, टाळूला तेल किती लावायचं, ढेकर कशी काढायची, हे आपल्या लेकीला शिकवते तसंच त्यालाही शिकवावं.