रजिस्टरांची व्याख्या आधी व्हावी

रजिस्टर म्हटले की आम्हां विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे हजेरीची वही उभी राहते. संगणकाच्या बोर्डावरील रजिस्टर ही वस्तू निराळी. बहुधा ३२ बिटांची ती एक लहानशी जागा असून, तीतील प्रत्येक बिट शून्य अथवा एक एवढेच सांगतो. प्रोग्राम तेथे आज्ञा लिहितो आणि यंत्राची स्थिती तेथूनच वाचतो.

डिस्क आणि नेटवर्क या दोहोंचे नियंत्रण ज्या बोर्डावर एकत्र आणावयाचे, त्याचा आराखडा काढण्यापूर्वीच प्रत्येक रजिस्टराची व्याख्या लिहून व्हावी, आणि ती बोर्ड घडविणारा व प्रोग्राम लिहिणारा या दोघांनी एकत्र बसून लिहावी, असे आमचे आग्रहाचे मत आहे. पांढुर्णा-सौसरकडील संत्र्याच्या बागांचे धुरे ज्याने पाहिले आहेत, त्यास हे फोडून सांगावयास नको. बाग फळावर आल्यावर धुरा आखू लागल्यास तंटाच होणार.

डिस्कचे काम पुरे झाले आणि नेटवर्कवर संदेश आला, या दोन्ही वार्ता एकाच रजिस्टरात उमटतात असे समजा. वाचताच रजिस्टर कोरे व्हावे अशी व्याख्या केली, तर डिस्कचा प्रोग्राम ते वाचून जातो आणि नेटवर्कची खूणही त्याबरोबर पुसली जाते. संदेश दारात येऊन पडलेला, आणि घेणाऱ्यास पत्ता नाही! दोन्ही घटना नेमक्या जुळल्या तरच हा दोष दिसतो. म्हणून तो हाती लागणे फार कठीण. यास्तव ज्या बिटावर एक लिहावा तेवढाच बिट पुसला जावा, ही रीत आम्हांस बरी वाटते.

क्रमाचेही तसेच. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो; उच्चारताना मात्र 'पंचवीस' म्हणून पाच आधी. इंटरनेटच्या नियमांत संख्येचा थोरला बाइट आधी जातो, पीसीआय जोडणीत धाकटा. आमच्या बोर्डावर दोन्ही नांदणार. तेव्हा कोठे कोणता क्रम, हे लिहिलेच पाहिजे.

राखीव बिटांत शून्यच लिहावे, हेही स्पष्ट असावे. आज मोकळ्या दिसणाऱ्या बिटास उद्या काम मिळाले, तर निष्काळजीपणे लिहिलेला जुना प्रोग्राम ते नकळत सुरू करील. (पांदणीत नांगर घालणारे आमच्या मुलुखातही आहेत, हे मान्य.)

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई मानकाने डिस्कच्या नियंत्रकाची रजिस्टरे ठरवून दिली. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या तशा डिस्का एकाच प्रोग्रामवर चालू शकतात. हे काम परक्यांचेच, असेही नव्हे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला आणि पुढे संगणक जोडणारे परमनेटही स्वतः घडविले. त्या संस्थेचे पहिले धुरीण विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे.

शाळेच्या विज्ञानमंडळाने याचा एक प्रयोग करावा. एका गटाने कागदावर दहा रजिस्टरांची व्याख्या लिहावी. दुसऱ्याने काही न विचारता, केवळ त्या कागदावरून प्रोग्राम लिहावा. जेथे जेथे दुसरा गट अडेल, तेथे पहिल्याने आपले वाक्य पुन्हा लिहावे.