उणे दोनची रेषा कोणी आखली?

दोन वर्षे पूर्ण झालेली मुलगी अंगणवाडीच्या काट्यावर ९.१ किलो भरली तर तिचे वजन ठीक, ८.९ भरली तर ती कमी वजनाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार या वयाच्या मुलींचे मध्यक वजन ११.५ किलो आहे आणि तिथून दोन प्रमाण विचलने (वजने मध्यकाभोवती किती पसरतात त्याचे माप) खाली उतरले की ९ किलोची रेषा लागते. मध्यकापासूनचे हे अंतर प्रमाण विचलनांत मोजले की मुलीचा झेड-स्कोअर मिळतो. उणे दोनच्या खाली कमी वजन, उणे तीनच्या खाली तीव्र कमी वजन.

पण दोनच का? याचे उत्तर वैद्यकात शोधून उपयोग नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात, निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची विसात एक ही शक्यता मर्यादा म्हणून सुचवली. घंटाकृती वक्रावर ती सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन प्रमाण विचलनांवर पडते. फिशर तिला सोयीची म्हणाले होते, अटळ नव्हे. नंतरच्या पिढ्यांनी सोयीचा नियम करून टाकला.

१९३३ साली जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी परिकल्पना चाचणीतल्या दोन वेगळ्या चुका समोर मांडल्या. ‘हे मूल नीट वाढते आहे’ हे गृहीत धरा. पोटभर जेवणाऱ्या, निरोगी शंभर मुलांतली दोन-तीन निसर्गतःच उणे दोनखाली असतात. त्यांना कुपोषित ठरवणे ही पहिली चूक. उलट, मुळात अधिक एकवर असायचे मूल उपासमारीने उणे दीडवर घसरले, तरी रेषेला ते दिसतच नाही. ही दुसरी. रेषा खाली नेली की पहिली चूक घटते, दुसरी वाढते. कोणती सोसायची, हे गणित ठरवत नाही.

हा पेच महाराष्ट्रात ऐरणीवर आला. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २२५० कॅलरींचा निकष धरून गरिबी मोजली. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे लंडनमध्ये नेमन आणि पिअर्सन यांच्याच हाताखाली घडलेले. त्यांचा आक्षेप असा, की सरासरी गरजेलाच सीमा मानली तर धडधाकट माणसांतलेही निम्मे तिच्याखाली जातील. म्हणून सीमा दोन प्रमाण विचलने खाली हवी. दांडेकरांना ते पटले नाही आणि १९८० च्या दशकात वाद चांगलाच रंगला. सुखात्म्यांचा सरासरीवरचा आक्षेप बिनतोड होता. मात्र त्यांनी पहिल्या चुकीचा जितका धसका घेतला, तितका दुसरीचा घेतला नाही. कमी खाऊन, कमी हालचाल करून कसाबसा तग धरणारा मजूर त्या सीमेच्या वरच राहतो, आणि हिशेबात तो उपाशी नसतो.

आता मुलांचे आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३६.० टक्के होते, २०१९-२१ मध्ये ३६.१. यावरून ‘कुपोषण वाढले’ अशी ओरड करण्यात अर्थ नाही. नमुना सर्वेक्षणात एवढा फरक योगायोगानेही पडतो. पण निरोगी समाजात जे प्रमाण अडीच टक्क्यांच्याही आत असायला हवे, ते छत्तीस निघाले. एखाद्या मुलाबद्दल शंका असू शकते, राज्याबद्दल नाही. उणे दोनच्या खाली इतकी मुले सापडतात याचा अर्थ सगळा वक्रच खाली सरकला आहे, आणि उणे एकवर उभी असलेली कितीतरी मुलेही आपल्या वाट्याची वाढ गमावून बसली आहेत.

तेव्हा महिला व बालविकास विभागाने रेषेखालच्या डोक्यांची गणती तेवढी देऊन थांबू नये. प्रत्येक जिल्ह्याचा सरासरी झेड-स्कोअर दर वर्षी जाहीर करावा, आणि ज्या मुलाचा आलेख महिनोन्महिने घसरतो आहे, त्याच्यासाठी उणे दोन होण्याची वाट पाहू नये.