शहाणी काच, पण कुठे?

मे महिन्यात पश्चिमेकडची खिडकी दुपारनंतर भट्टीसारखी तापते. पडदा ओढला तर भर दिवसा दिवा लावावा लागतो, न ओढावा तर एसीचे बिल फुगते. उजेड आत घेणारी, उन्हाळ्यात उष्णता बाहेर ठेवणारी आणि थंडीत तिला पुन्हा वाट देणारी काच मिळाली तर? व्हॅनेडियम डायऑक्साइड या संयुगामुळे संशोधकांना ही आशा वाटते आहे.

या संयुगाचा विलक्षण गुण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या एफ. जे. मोरिन यांनी १९५९ मध्ये जगापुढे आणला. सुमारे ६८ अंश सेल्सिअसच्या खाली त्यातून वीज फारशी वाहत नाही. त्यापुढे ते एकाएकी धातूसारखे वागू लागते. ते वितळत नाही, घनच राहते. थंड असताना व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून असतात आणि इलेक्ट्रॉन त्यांत अडकलेले. तापल्यावर जोड्या फुटतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि उन्हातले अवरक्त किरण अडवतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश मात्र जवळपास पूर्वीइतकाच आत येतो. त्यासाठी ना बटण लागते, ना वीज.

पण खिडकीची काच ६८ अंशांपर्यंत तापण्याची वाट कोण पाहणार? उपाय टंगस्टनचा. व्हॅनेडियमच्या शंभर अणूंपैकी एकाच्या जागी टंगस्टनचा अणू बसवला, की हा उंबरठा साधारण २० अंशांनी खाली येतो. बर्कलेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये छतासाठी असा लेप मांडला. त्यात टंगस्टन होते जेमतेम दीड टक्का आणि बदल घडत होता २२ अंशांच्या आसपास.

अर्थात याची किंमत मोजावी लागते. टंगस्टन वाढवले की उष्णता अडवण्यातला थंड-गरम अवस्थांमधला फरक कमी होऊ लागतो. थराला पिवळसर-तपकिरी छटा असते. शिवाय हवेत हळूहळू त्याचे दुसऱ्याच ऑक्साइडमध्ये रूपांतर होते आणि दमट हवेत हा ऱ्हास लवकर होतो.

म्हणूनच ही काच कुठे हवी, हा प्रश्न आधी विचारायला हवा. मुंबई-कोकणात ऊब आत घेण्याची गरज क्वचितच पडते. तिथे पांढरे छत, खिडकीवरचा सज्जा आणि बाहेरची सावली हे स्वस्त उपाय पुरेसे आहेत. मे महिन्यात ४५ अंश आणि डिसेंबरात हुडहुडी अनुभवणारे नागपूर किंवा दिल्ली हे या काचेचे खरे क्षेत्र. तिची कसोटी परदेशी प्रयोगशाळेत नव्हे, आपल्या उन्हात, धुळीत आणि पावसाळ्यात लागली पाहिजे. तोवर चारही बाजूंनी काचा लावून इमारती उभारायच्या आणि उद्या शहाणी काच येईल म्हणून निर्धास्त राहायचे, हे काही शहाणपणाचे नाही.