काटकसर कुणाच्या ताटात?

मैत्रिणींनो, महिन्याची यादी करायला बसलं की आपला हात आधी कुठे अडखळतो? डाळ, शेंगदाणे, कडधान्यं! दोन किलोचा एक होतो, एकाचा अर्धा होतो. मुलांचं दूध कमी करायचं नाही, यांच्या डब्यातली भाजी कमी करायची नाही, सासूबाईंच्या पथ्याचं तर आणलंच पाहिजे. मग काटछाट होते तरी कुठे? याचं उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं, तेही वाण्याच्या दुकानात नव्हे, दवाखान्यात.

मी साताऱ्यात एका शाळेत अर्धवेळ शिकवते. एक दिवस फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन नऊ! बाईमाणसाला बारा तरी हवं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय जेवता तुम्ही?" मी ऐटीत सांगितलं, भाकरी, उसळ, पालेभाजी, आमटी. त्या म्हणाल्या, "घरात काय शिजतं ते नाही विचारलं. तुमच्या ताटात काय येतं?"

मी गप्पच झाले. माझ्या ताटात यायचा उसळीतला तळाचा रस्सा, कढईला लागलेली भाजी, सकाळची उरलेली पोळी आणि वर कपभर चहा. घरखर्च भागवला म्हणून मी स्वतःची पाठ थोपटत होते. प्रत्यक्षात तो भागत होता माझ्या रक्तातून!

आणि हे माझ्या एकटीचं नाही बरं का. २०१९ ते २१ या काळात झालेल्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. दर महिन्याच्या पाळीमुळे आपली लोहाची गरज पुरुषांपेक्षा जास्त. तज्ज्ञांच्या हिशेबाने पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, तर बाईला २९. म्हणजे जिला जास्त हवं, तिच्याच वाट्याला उरलंसुरलं!

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या नेमाने घेतल्याच. नुसत्या जेवणावर एवढी तूट भरून निघत नाही, हेही त्यांनी बजावलं. पण पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून मी यादी नव्याने मांडली, खर्च एक रुपयाही न वाढवता. तेव्हा मला आठवली माझी सांगलीची आजी. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरचा लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घर काढलेली ती बाई. ती म्हणायची, "आधी दाणं बघावं, मग पुडं." तिचंच ऐकायचं ठरवलं.

पहिल्यांदा पुडे काढले. बिस्किटं, फरसाण, शेव, मुलांच्या दुधात घालायची पावडर. महिन्याअखेर या सगळ्यांची बेरीज करून बघा, थक्क व्हाल. तेलही मोजून आणलं. माणशी महिन्याला अर्धा किलो पुरतं. आम्ही पाच माणसं, म्हणजे अडीच किलो. इतके दिवस चार लागायचं.

वाचलेल्या पैशांतून डाळी आणि कडधान्यं वाढवली. माणशी रोज एक मूठ, म्हणजे साधारण ३० ग्रॅम धरलं, तर पाच जणांना महिन्याला साडेचार किलो लागतात. सगळी तूरडाळच हवी असं थोडंच आहे? मटकी आहे, हुलगे आहेत, चवळी आहे, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा आहे. तो म्हणजे आपला घरचा राजमाच! मटकीला मोड आणले, की एका वाटीच्या दोन-अडीच वाट्या होतात, आणि कोरड्या मटकीत नसलेलं क जीवनसत्त्वही त्यात तयार होतं.

बदामांचं फार मनाला लावून घेऊ नका. मूठभर शेंगदाण्यांत तेवढ्याच बदामांपेक्षा प्रथिनं थोडी जास्तच असतात. माणदेश आणि जतकडची बाजरी लोहासाठी चांगली. नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणून आठवड्यातून दोनदा सकाळी आंबील. भाजी मात्र हंगामातलीच घ्यावी. चाकवत, तांदूळजा, शेवग्याचा पाला या भाज्या बाजार उठताना स्वस्तात मिळतात.

आजीचं हुलग्याचं माडगंही मी पुन्हा सुरू केलं. हुलगे खमंग भाजून दळून आणावेत. दोन चमचे पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवून उकळत्या पाण्यात सोडावं. गूळ, चिमूटभर मीठ आणि सुंठ घालून ढवळत शिजवावं. संध्याकाळी शाळेतून भुकेजून आलेली मुलं बिस्किटं विसरतात.

दोन गोष्टी फुकटच्या आहेत, त्या लक्षात ठेवा. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेऊ नका. त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. आणि उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा. त्याने लोह अंगी लागायला मदत होते.

पण या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच होती. सर्वांबरोबर बसून जेवायचं! पहिल्या दिवशी मी पाच ताटं वाढली आणि पाचव्यावर स्वतः बसले. घास घशाखाली उतरेना. सासूबाई बघत राहिल्या. मग उठल्या, उसळीचं पातेलं ओढलं, माझ्या ताटात एक डाव घातला आणि म्हणाल्या, "मला हे कुणी केलं नाही गं. तू जेव." त्यांच्या त्या एका वाक्याने मला जे शिकवलं, ते कुठल्या पुस्तकात नसेल.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेअकरा झालं. अजून थोडा पल्ला गाठायचा आहे. पण आता यादी करताना मी कागदाच्या डोक्यावर पाच नावं लिहिते, त्यात माझंही असतं.

तेव्हा मैत्रिणींनो, काटकसर जरूर करा. ती आपली लक्ष्मी आहे. पण आज रात्री ताटं वाढताना एकदा मोजून बघा. घरात माणसं किती, आणि ताटं किती?