चतुर्दशीच्या पहाटेचे पाणी

वाचकहो, दीपावलीच्या अंकाच्या पहिल्या पानावर तेजाची आणि शारदेची आळवणी करावी असा प्रघात असताना आम्ही गटारांविषयी लिहावयास बसलो, याबद्दल काही सुज्ञ मंडळी नाके मुरडतील हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे उष्णोदकाने तेल-उटणे उतरवून, तुळशीपुढे कारीट फोडून आपण शुचिर्भूत होतो, तेव्हा न्हाणीच्या मोरीतून जे निघून जाते ते कोठे जाते, हा प्रश्न त्या मंगल दिवसाचाच आहे.

मालवणासारखे एखादे नगर घ्या. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती सुमारे १८ हजार. माणशी १३५ लिटर पाणी द्यावे हा सरकारी दंडक आणि त्यातले शेकडा ८० सांडपाणी होऊन परतते हा अभियंत्यांचा ठोकताळा धरला, तर रोज १९ लक्ष लिटरांची विल्हेवाट लागली पाहिजे. महानगरात असे पाणी अष्टौप्रहर वाहत असते. लहान गावात मात्र सारे एकाच सुमारास उठतात आणि एकाच सुमारास न्हातात, म्हणून २० हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी भुयारी नळ्या आखताना सरासरीच्या तिप्पट लोंढा गृहीत धरावा लागतो. चतुर्दशीची पहाट ही त्या गणिताची वार्षिक परीक्षाच म्हणावयाची. त्यात पुन्हा साबणाशी मिळून नळीच्या अंगाला धरणारे तेल, आणि सुटीत शेजारच्या तारकर्लीपर्यंत तुडुंब भरलेली न्याहारी-निवासाची घरे.

सागरतीराची भूमी या कामी मोठी प्रतिकूल. नळीतले पाणी सेकंदाला निदान ६० सेंटिमीटर वेगाने धावले नाही तर गाळ खाली बसतो. तो वेग यावा म्हणून उतार द्यावा, तर सपाट किनाऱ्यावर नळी खोल खोल जाते. आणि खोल गेली की भरतीच्या वेळी खारे पाणी सांध्यांतून आत शिरते, त्यातल्या क्षारांपासून कुजका वायू उपजतो, आणि तो वायू काँक्रीटचे छत आतून खात सुटतो. नळ्या नकोत म्हणून घरोघर शोषखड्डे खणावेत, तर सच्छिद्र जांभ्यातून पाझरलेले पाणी शेजारच्या विहिरीत उतरावयास वेळ लागत नाही. समोर १९८७ पासून संरक्षित म्हणविलेले सागरी अभयारण्य आहे, त्यात प्रवाळ आहे, आणि रापणीच्या मासेमारीवर पोट असलेली माणसे आहेत.

उपाय नाही असे मात्र नाही. १९१४ साली मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवून दिले की, सांडपाण्यात हवा खेळवून तळाचा गाळ फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरला, तर त्यातले जिवाणू थोडक्या तासांत घाण फस्त करतात. पण हे जिवाणू गोठ्यातल्या गुरांसारखे आहेत. त्यांना रोज हवा-वैरण पाहिजे, आणि श्रावणातल्या वादळात रात्रभर वीज गेली तर त्यांची काळजी वाहणारे कोणीतरी तेथे जागे पाहिजे. आमच्या कारभाराची खरी गोम येथे आहे. योजनेस मंजुरी मिळते, अनुदान येते, कोनशिला बसते. पंप चालविणाऱ्या कामगाराच्या वेतनाची आणि वीजदेयकाची बाब मात्र अंदाजपत्रकात शोधू गेले असता कसल्यातरी किरकोळ खर्चाच्या रकान्यात अंग चोरून बसलेली आढळते.

आणि शेवटी तुंबलेल्या नळीशी उतरतो तो मनुष्य कोणत्या जातीचा असतो, हे सांगावयास नको. कोकणगांधी अप्पा पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून सरकारशी झगडा मांडला, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पा मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासाच्या प्रयोगात रमले. ही दृष्टी केवळ दयेची नव्हती, हिशेबीही होती. न्हाणीचे पाणी माडाच्या बुडी सोडणाऱ्या आमच्या आज्यांनाही तो हिशेब कळत होता. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उपसण्यास बंदी झाली. पण यंत्र विकत घेण्याची तजवीज न करता काढलेला बंदीचा हुकूम दप्तरातच राहतो.

मराठी विश्वकोशाच्या वाई नगराने निराळा मार्ग धरला आहे: दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची मैलाटाकी पाळीपाळीने, मागणीची वाट न पाहता रिकामी करावयाची आणि तो गाळ प्रक्रिया केंद्रात न्यावयाचा. किनाऱ्यावरील लहान नगरांनी भुयारी गटारांचा दुराग्रह काही काळ बाजूस ठेवून हा मार्ग आधी पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढील निवडणुकीत उमेदवार दारी येतील तेव्हा दिवाबत्ती आणि रस्त्यांच्या जोडीने त्यांस एवढे अवश्य विचारावे: गाडी किती, चालक किती, आणि त्यांचे वेतन कोणत्या बाबीतून?