रिळाची किंमत आणि निगेटिव्हचे मोल

मागणी घटली की वस्तू स्वस्त होते, हा अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातला धडा. छायाचित्रणाच्या रिळाने तो खोटा पाडला आहे. डिजिटल कॅमेऱ्याने आणि पुढे मोबाइलने रिळाची मागणी जवळजवळ संपविली. तरीही छत्तीस छायाचित्रांच्या रंगीत रिळाला आज हजार रुपये वा त्याहून अधिक मोजावे लागतात. धुलाई आणि छपाई वेगळी. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका रिळात मजुराचे तीन दिवस सहज बुडाले.

याचे कारण उत्पादनाच्या रचनेत आहे. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनमधून दिलेले चांदीच्या क्षारांचे अतिपातळ थर. ते अंधारात, अवाढव्य यंत्रांवर चढवावे लागतात. माल थोडा हवा म्हणून यंत्र लहान होत नाही. त्याचा स्थिर खर्च मोजक्या रिळांच्या माथी येतो. चांदीची महागाई आहेच. शिवाय उत्पादन जगातील बोटांवर मोजण्याइतक्या कारखान्यांच्या हाती उरले आहे. कोडॅकसारखी बलाढ्य कंपनीही २०१२ साली दिवाळखोरीत निघाली.

आपल्या देशाने या मक्तेदारीला एकदा उत्तर दिले होते. १९६० साली केंद्र सरकारने उटकमंड येथे ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ स्थापन केली आणि ‘इंदू’ या नावाची देशी फिल्म बाजारात आली. परदेशी मालाची स्पर्धा आणि कर्जाचा बोजा यांखाली हा सार्वजनिक उद्योग नव्वदीच्या दशकातच, म्हणजे डिजिटल कॅमेरा घरोघरी पोचण्यापूर्वीच, आजारी ठरला. पुढे तो बंदच झाला.

इतके असूनही पुण्या-मुंबईचे काही तरुण रिळाकडे वळत आहेत. याला केवळ श्रीमंतांचा शौक म्हणून हिणवणे योग्य नव्हे. छत्तीसच संधी हाती असल्या की माणूस आधी नीट पाहतो, मग कळ दाबतो. आणि निगेटिव्ह उजेडात धरली की दिसते. तिला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही. तरीही नवे रीळ स्वस्त करण्यासाठी सरकारने पैसा ओतावा, असे मी म्हणणार नाही. गरिबाच्या हाती आज मोबाइल आहे, आणि चित्र टिपण्यास तो पुरेसा आहे.

खरा प्रश्न उमटून गेलेल्या रिळांचा आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या पक्षपत्रातून देशापुढे आली. त्या उपासमारीचा तो पुरावा ठरला. मराठवाड्यातही १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडणारे हात, १९७८ पासून १९९४ पर्यंतच्या नामांतर लढ्यातील मोर्चे, सभा, जळालेल्या वस्त्या कोणी ना कोणी रिळावर टिपल्या असतील. ती रिळे सरकारी दप्तरात शोधून भागणार नाही. बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावर, कार्यकर्त्यांच्या ट्रंकांत ती शोधावी लागतील. उष्णता आणि ओल त्यांना खाते. उरलेली भंगारात जातात, कारण जुन्या फिल्ममधून चांदी काढून विकण्याचा धंदा आहे. कष्टकऱ्यांचा इतिहास असा वजनावर विकला जातो.

डोंगरकड्यापासून हिंगोलीपर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या गावच्या जुन्या छायाचित्रकाराची गाठ घ्यावी. निगेटिव्ह कोरड्या जागी, कागदी पाकिटात ठेवाव्यात. पाकिटावर गाव, साल आणि ओळखीची नावे लिहावीत. ती नावे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. जतनाला खर्च थोडा लागेल; सवड मात्र फार उरलेली नाही.