पुन्हा धावताना

महाविद्यालयात असताना धावणारा मनुष्य वीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा मैदानावर उतरतो, तेव्हा त्याला दगा देते ती त्याची स्मरणशक्ती. जुना वेग मनाला आठवतो, पोटरीला आठवत नाही. प्रस्तुत लेखकाने हाच प्रमाद केला आणि तीन आठवडे लंगडत वर्गावर जाण्याची शिक्षा भोगली.

यंत्राला घसारा लागतो तो मुख्यतः वापराने. शरीराला लागतो तो न वापरल्याने. अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ साली पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेची जी हानी झाली, तितकी पुढील तीस वर्षांच्या वयोमानानेही झाली नाही. पन्नाशीत त्याच पाचजणांनी सहा महिने क्रमाक्रमाने व्यायाम वाढविला आणि वयाने आलेली ती घट सरासरीने भरून काढली. म्हणजे मुद्दल बुडत नाही. वसुली मात्र हप्त्यानेच करावी लागते. हृदय लवकर सावरते, कंडरा व हाडे मागाहून. म्हणून आधी चालावे, मधूनमधून थोडे धावावे, हेच शहाणपणाचे.

परंतु हे हप्ते फेडावयाचे कोठे? मैदाने प्रदर्शनांना व लग्नसमारंभांना भाड्याने जातात. ते भाडे नगरपालिकेच्या जमाखर्चात दिसते. नागरिकांचे गमावलेले आरोग्य कोणत्याच वहीत दिसत नाही. निदान सकाळचे दोन तास तरी प्रत्येक सार्वजनिक मैदान मोकळे राहिलेच पाहिजे.